तुम्ही विचारलंत म्हणून : परक्यांची पोस्टकार्डं

"ना ओळख, ना पाळख. कुणाकुणाचे हे फोटो कशाला जमवतेस?" अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या घरी येणारं माणूस बुटांच्या खोक्यांत लावलेली कार्डं बघतं आणि हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगते.

ही छापखान्यातली कार्डं नव्हेत. घरच्या कुणीतरी किंवा गावच्या फोटोग्राफरनं काढलेला फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवलेला आहे. कित्येकांची जगात दुसरी प्रत नसेल. कोडॅकनं १९०३ मध्ये '३ए' नावाचा घडीचा कॅमेरा आणला. त्याची निगेटिव्ह बरोबर पोस्टकार्डाएवढी. ती कागदावर ठेवायची, उजेड दाखवायचा, कागद धुवायचा, की झालं कार्ड तयार. तिकीट एका सेंटचं. त्याआधीच, १८९६ पासून, टपाल शेतावरच्या घरांपर्यंत पोचू लागलं होतं. फक्त पाठीवर पत्त्याखेरीज काही लिहायची मुभा नव्हती. ती १ मार्च १९०७ ला मिळाली. त्याआधीच्या कार्डांवर मजकूर चित्राच्या कडेनं दाटीवाटीनं बसवलेला असतो, तो वाचताना कार्ड हातात गोल फिरवावं लागतं.

एक प्रकारची कार्डं मात्र मी विकत घेत नाही. त्या काळी कृष्णवर्णीय माणसांना जमावानं फासावर लटकवल्याचे फोटोही असेच कार्डांवर उतरवून विकले जात. १९०८ मध्ये ती टपालानं पाठवायला कायद्यानं बंदी आली, तरी कार्डं निघतच राहिली. मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १५ जून १९२० ला सर्कशीत काम करणाऱ्या तीन तरुणांना जमावानं पोलिसांच्या कोठडीतून ओढून काढलं आणि दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅगी. त्या फोटोतली गोरी माणसं तोंड लपवत नाहीत, चौकटीत मावावं म्हणून पुढे वाकलेली आहेत. त्यांच्या टोप्या, त्यांचे कोट माझ्या खोक्यांतल्या माणसांसारखेच आहेत. हे कळल्यापासून मी कुठलंच कार्ड नुसतं 'किती गोड' म्हणून बघू शकत नाही. गर्दी दिसली की भिंग घेऊन एकेक चेहरा बघते.

तशातच एक कार्ड सापडलं. मळणीच्या यंत्रासमोर उभे सतरा पुरुष, सुगीला शेतोशेती फिरणारी टोळी. अगदी कडेला, अर्धी चौकटीबाहेर, एप्रन बांधलेली एक बाई. हातातलं फडकं खाली ठेवायलाही तिला वेळ मिळालेला नाही. मळणीचं यंत्र मला पुस्तकांत पुष्कळदा भेटलं होतं. त्या सतरा जणांना रांधून वाढणारी ही पहिल्यांदाच भेटली.

तिकीट लावायच्या छापील चौकोनात 'अ‍ॅझो' हा कागदाचा छाप आहे आणि कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर आहेत. म्हणजे कार्ड साधारण १९०४ ते १९१८ मधलं. पाठीवर पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे सतरा नावं लिहिली आहेत. तिचं नाही. गावाचं नाव वाचता येतं, म्हणून सध्या १९१० च्या जनगणनेतली त्या गावची पानं एकेक करून वाचतेय. सतरापैकी सहा घरं सापडली आहेत.