बोट घ्यायची तर आधी सर्व्हे

मामासोबत आज हर्णैला, जुनी लाकडी बोट बघायला. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बोट किनाऱ्यावर ओढलेली. तळ बघायला याहून बरी वेळ नाही. मालकाने ताजा निळा रंग फासलेला (विकायच्या बोटीला नवा रंग दिसला की मला आधी शंकाच येते).

सर्व्हेअर मात्र रंगाकडे बघेनात. हातोडी घेऊन कलिंगड वाजवावं तशी एकेक फळी ठोकत गेले. खणखणीत आवाज आला की पुढे. पाण्याच्या रेषेखाली एका जागी बद्द वाजलं. तिथे टोच्या घुसवला, तर सरळ आत! जहाजकिडा. हा खरं तर शिंपल्याच्या जातीतला. बारीकशा भोकातून पिल्लू शिरतं आणि आतून लाकूड पोखरतं, वरून पत्ताच नाही. मग फटींतला कापूस, गंजलेले खिळे, पंख्याच्या शाफ्टची ढिलाई, सगळं वहीत. इंजिन ठीक. नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर प्रत्यक्षाशी जुळवला, हे मला सुचलंही नसतं.

मालक जरा फुरंगटले. मामा म्हणाला, “रिपोर्ट हातात आल्याशिवाय इसार नाय.” चार फळ्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करा म्हणायचंय. विमा कंपनी स्वतःचा सर्व्हेअर पाठवणार का, तेही उद्या विचारतो.