माळ्यावरचा रेडिओ आणि लायनेल फील्डन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांचा बंद पडलेला रेडिओ हाती लागला आणि लायनेल फील्डन यांची आठवण झाली. बीबीसीतला हा इंग्रज अधिकारी 1935 मध्ये भारताचा पहिला प्रसारण नियंत्रक म्हणून दिल्लीत आला, तेव्हा मुंबई-कलकत्त्याहून प्रसारण करणारी खासगी कंपनी 1930 मध्येच बुडालेली होती आणि तिचा पसारा सरकारने काहीशा नाइलाजानेच चालवायला घेतला होता. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे बोजड नाव त्यांना खटकत होते. मात्र सरळ प्रस्ताव मांडला तर सचिवालय विरोध करील हे ओळखून त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी बोलताना विषय असा वळवला, की नवे नाव आपल्यालाच सुचले असे त्या साहेबांना वाटावे. 8 जून 1936 रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. फायलींच्या जंगलातून वाट काढण्याची ही हातोटी (आमच्या बडोद्यात तिला मुत्सद्देगिरीच म्हणतील) मला त्यांच्या इतर कर्तबगारीपेक्षा मोठी वाटते. 1940 मध्ये ते परतले आणि सूत्रे अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दू वाचकांचे विनोदी लेखक ‘पतरस’, यांच्याकडे गेली.

नावात ‘ऑल इंडिया’ असले तरी गायकवाड सरकारचे बडोदा केंद्र त्या जाळ्याबाहेरच राहिले. म्हैसूर आणि हैदराबादप्रमाणे ते संस्थानी केंद्र होते, आणि 1948 मध्ये ते ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. आजोबा मात्र शेवटपर्यंत त्याला ‘आपलं स्टेशन’ म्हणत.