एक पॉइंट बारा

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम संपला की पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मंडळींची ईआरएची (अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज, नऊ इनिंगमागे दिलेल्या 'अर्न्ड' रनांची सरासरी) यादी लागते. अव्वल नावाशेजारचा आकडा दिसायला अगदीच किरकोळ असतो. २०२५ साली पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचा होता १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे पुरते दोन रनही नाहीत. एवढं करूनही त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव! त्याच्याच संघाच्या फलंदाजांनी रनच काढले नाहीत, तर पिचर बिचारा काय करणार?

हिशेब सोपा आहे. अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेले, पिचरच्या खात्यात धरले जाणारे) गुणिले नऊ, भागिले टाकलेल्या इनिंग. गफलत होते ती टिंबापाशी. इनिंग तीन आउटची, म्हणून ६.२ म्हणजे सहा इनिंग आणि दोन आउट, अर्थात सहा पूर्णांक दोन तृतीयांश. षटकांचं टिंब वाचण्यात हयात गेलेले आपले लोकही इथे कॅल्क्युलेटरवर सरळ ६.२ ठोकतात. दोन अर्न्ड रन दिले असतील तर खरं उत्तर २.७०, ठोकलेलं २.९०.

खरी गंमत त्या 'अर्न्ड'मध्ये आहे. दोन आउट झालेत, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा चेंडू सुटला आणि फलंदाज बेसवर पोचला, अधिकृत स्कोअररने एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) दिली. पुढे पिचरने दोघांना वॉक (चार चेंडू बाहेर टाकून फुकटचा पहिला बेस) दिला आणि चौथ्याने होमरन हाणला. फलकावर चार रन, पिचरच्या खात्यात शून्य, कारण ती इनिंग केव्हाच संपायला हवी होती. उलट दोघांना बेसवर ठेवून पिचर तंबूत परतला आणि बदली पिचरने त्यांना घरी येऊ दिलं, म्हणजे रन होऊ दिले, तर बिल जुन्याच्याच नावावर फाटतं. बदलीवाले म्हणूनच फार साळसूद दिसतात. २०१६ साली झॅक ब्रिटनचा ईआरए ०.५४ होता, पण ६७ इनिंगमध्ये. यादीत यायला संघाच्या प्रत्येक सामन्यामागे एक, म्हणजे १६२ इनिंग लागतात. हा नियम नसता तर यादीला काडीची किंमत उरली नसती.

मग सर्वांत भारी मोसम कोणाचा? आता १९६८ घ्या. सेंट लुईच्या बॉब गिब्सनने ३०४ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, ४९ रन दिले, त्यांतले अर्न्ड ३८. ईआरए १.१२. तेरा सामन्यांत तर समोरच्याला एकही रन नाही. पण ते वर्षच पिचरांचं होतं. दोनच्या आत सातजण होते. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात ती) आखडला. म्हणून सर्वांत भारी मोसमासाठी माझं मत पिचर पेद्रो मार्टिनेझला. २००० साली, रनांचा पाऊस पडत असताना त्याचा १.७४, आणि अमेरिकन लीगमध्ये (दोन मोठ्या लीगांपैकी एक) दुसऱ्या क्रमांकावरच्या रॉजर क्लेमेन्सचा ३.७०. वरच्या दोघांत एवढी दरी!

मैदानही पाहावं लागतं. कोलोरॅडो रॉकीज संघाचं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर. हवा विरळ, कर्व्हबॉल हवा तसा वळत नाही, मारलेला चेंडू लांब जातो. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, तरी पिचरांचे हाल सुटलेले नाहीत. त्या संघाच्या काइल फ्रीलंडने २०१८ मध्ये २.८५ काढला. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा १.७० होता, त्यामुळे यादीत हा झाकोळला. साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात मात्र चौथा आला. आणि घरच्या मैदानावरचा त्याचा ईआरए बाहेरच्यापेक्षा कमी होता.