पावसाळ्यात मिटलेला आय डायग्राम

एप्रिलमध्ये सगळ्या टेस्ट पास होऊन रॅकवर गेलेलं कार्ड जुलैत गिऱ्हाइकासाठी खाली काढलं, तर पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड कॉम्प्युटरला जोडणारी) लिंक सेकंदाला ८ गिगाट्रान्सफरच्या वेगावर टिकेना. सारखी २.५ वर घसरायची. स्कोपवर आय डायग्राम, म्हणजे एकावर एक रचलेल्या सिग्नलची डोळ्यासारखी आकृती, जवळजवळ मिटलेला; डोळा उघडा तर सिग्नल चांगला.

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये पहिला आळ नेहमी सोल्डरिंगवर येतो. एक्स-रे काढला, स्वच्छ. मग टीडीआर लावला; तो पल्स सोडून ट्रेसचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) जागोजागी मोजतो. सिग्नलच्या ट्रेसची ८५ ओहमची जोडी एक-दोन ओहम खाली दिसत होती, आणि तीही अख्ख्या लांबीभर. एकाच जागी खड्डा असता तर व्हाया (थर जोडणारं भोक) किंवा कनेक्टरला धरलं असतं. इथे तांब्याभोवतीचं लॅमिनेटच (बोर्डाचं काच-रेझिनचं अंग) बदललेलं दिसत होतं.

टेक्निशियन काकांनी त्याच लॉटच्या कोऱ्या बोर्डांचं फोडलेलं पाकीट पुढे केलं. "मॅडम, आतलं ओल दाखवणारं कार्ड बघा. निळे ठिपके गुलाबी झालेत."

दमट हवा! एफआर-४ चा, म्हणजे याच लॅमिनेटचा, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युत ऊर्जा साठवण्याचं माप) ४ च्या थोडा वर, पाण्याचा ८० च्या आसपास. लॅमिनेटनं जरासं पाणी प्यायलं तरी इम्पिडन्स उतरतो आणि लॉस (सिग्नलची घट) चढतो. पाकिटातला एक टेस्ट कूपन (मोजणीसाठीची बोर्डाची पट्टी) १०५ अंशांवर रात्रभर भाजला, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड केला आणि ४ गिगाहर्ट्झवरचा लॉस पुन्हा मोजला. चांगलाच उतरला होता. खुद्द कार्ड मात्र कनेक्टरच्या प्लास्टिकपायी कमी तापमानावर, बराच जास्त वेळ ठेवावं लागलं. आतल्या लेयरवर तांब्याचे प्लेन असतात, ओल त्यांच्या कडांनीच हळूहळू बाहेर पडते. त्यानंतर लिंक ८ वर उभी राहिली.

मला खटकलं ते वेगळंच. रिफ्लोच्या (सोल्डर वितळवून भाग जोडण्याच्या) भट्टीत बोर्ड २४० अंशांच्या आसपास तापून निघतो आणि लगेच आमच्या टेबलावर येतो. म्हणजे आम्ही पास करतो तो बोर्ड आयुष्यातला सर्वांत कोरडा असतो! डेटाशीटमधले आकडेही मुंबईच्या पावसाळ्यात मुरलेल्या नमुन्यांचे नसतात. मुंबईत लॉस बजेट (सिग्नलची किती घट चालेल त्याचा हिशेब) जुलैचं धरायला हवं, असं माझं ठाम मत झालं.

पुढच्या आवृत्तीत सर्वांत लांब ट्रेसवर रीड्रायव्हर (सिग्नलला वाटेत पुन्हा जोर देणारी चिप) घातला, आणि एक बोर्ड दमट चेंबरमध्ये मुरवून मगच तपासायचं ठरलं. खरेदीवाल्या साहेबांना रीड्रायव्हरचा खर्च पटेना. "त्यापेक्षा एसी चालू ठेवा ना."

गिऱ्हाइकाचं मशीन वसईतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणार होतं.