शाळेचं आठ पानी वार्तापत्र काढताना

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेचं पहिल्या सत्राचं वार्तापत्र छापून झालं आणि प्रत्येक मुलाच्या दप्तरातून घरी गेलं. आठ पानं, काळी-पांढरी. शाळा पुणे महापालिकेची, मराठी माध्यमाची, भवानी पेठेच्या अंगाला. माझी मुलगी चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. सुट्टीत दुसऱ्या शाळांमधल्या ओळखीच्या पालकांनी कसं केलंत म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अधिकार मोठा आहे. पण पालक बैठकीला येतात ते अर्ध्या दिवसाचा खाडा करून. गळणारं छत, नळाचं पाणी, गणवेश कधी मिळणार, एवढं बोलून होईपर्यंत उठायची वेळ होते. मुलं वर्गात काय शिकतायत हा विषय निघायचाच राहतो. जुलैच्या बैठकीत एका आजींनी तो काढला. नातू दुसरीत, मुलगा-सून दोघं कामाला. "पोरगं दिवसभर काय करतं ते आम्हाला कळायचं कसं?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "ग्रुपवर फोटो टाकतो की आम्ही, आजी." त्यावर आजी म्हणाल्या, "फोन बापासंगं कामावर जातो. रात्री येतो तवा चार्जिंग संपलेलं असतं."

बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली, कारण निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. हातात धरता येईल, भिंतीवर चिकटवता येईल, शेजारणीला वाचून दाखवता येईल असं काहीतरी हवं, असं ठरलं. मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात बिलिंग बघते, मराठी टायपिंग येतं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. सोबतीला चौथीच्या बाई आणि टेम्पो चालवणारे एक पालक दादा.

सुरुवातीला शिक्षकांकडून मजकूर मागितला. प्रवेशोत्सव, योग दिन, दिंडी, स्वातंत्र्यदिन, शिक्षक दिन अशी यादी आली आणि प्रत्येकापुढे "उत्साहात साजरा करण्यात आला". यात शिक्षकांना बोल लावण्यासारखं काही नाही. वरच्या कार्यालयाला अहवाल याच भाषेत जातो, हात त्याच वळणाला लागतो. पण त्या यादीतून आजींना नातवाबद्दल एक अक्षर कळलं नसतं. मग आम्ही एकच नियम केला. मुलाने स्वतः पाहिलं, विचारलं, मोजलं किंवा बनवलं असेल तेवढंच छापायचं. पाहुण्यांची नावं, हार-नारळ, मनोगतं, सगळं बाहेर.

नियम केला आणि सगळ्यात चांगला मजकूर हाताशीच असल्याचं लक्षात आलं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्कामाला असते आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबा मंदिरात. त्या दिवसांत आजूबाजूच्या शाळांमध्ये दिंड्या उतरतात. आमच्या वर्गांतही वारकरी राहिले. शाळेला सुट्टी असली तरी जवळ राहणारी मुलं दिवसभर तिथेच होती. चौथीच्या बाईंनी त्यांना फळ्यावर चार प्रश्न लिहून दिले होते: गाव कोणतं, पेरणी झाली का, घरचं कोण बघतंय, पाय दुखले की काय लावता. मुलांनी वहीच्या मागच्या पानांवर उत्तरं लिहिली आणि ती वही तशीच दप्तरात पडून होती. वारीला आलेल्या एका आजींबद्दल एका मुलीने लिहिलं होतं:

"आजीच्या घरी म्हैस आहे. ती शेजारणीकडं ठेवलीय. शेजारीण पुढच्या वर्षी वारीला येणार. मग आजी तिची म्हैस बघणार. दोघी एकदम येऊ शकत नाहीत."

ते वाचून मी बाईंना म्हटलं, पहिलं पान हेच. वारीबद्दल एवढं लिहिलं जातं, पण वारीला निघालेल्या बाईच्या मागे गोठ्यात कोण उभं असतं हे त्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारून आणलं होतं. प्रश्न नेमका असला की मूल नेमकं लिहितं. "वारीवर दहा ओळी लिहा" म्हटलं असतं तर सगळ्यांच्या दहा ओळी सारख्या आल्या असत्या.

तोच धडा पुढे कामी आला. तिसरीचा प्रकल्प होता "आमच्या घरातलं काम". आमच्या मुलांचे आईवडील हमाली करतात, टिंबर मार्केटमध्ये आहेत, धुणीभांडी करतात, शिलाई करतात, रिक्षा चालवतात. मुलं वहीत "बाबा कामाला जातात" एवढंच लिहून थांबली होती. बाईंनी सांगितलं, एक आकडा आणि एक वस्तू आणा. आकडे आले. एका मुलाचे वडील हमाल आहेत. त्याने लिहिलं, "एक पोतं ५० किलोचं असतं. माझं वजन २२ किलो. बाबा दोन मला आणि थोडा जास्त मला उचलतात." बाईंनी त्याच्या वडिलांना वर्गात बोलावलं. ते आधी दाराशीच थांबले, आत यायला तयार नव्हते. मुलाने हाताला धरून आणलं. मग त्यांनी पोत्याला लावायचा हूक दाखवला, डोक्यावरची चुंबळ कशी बांधायची ते करून दाखवलं, ओझं उचलताना कंबर ताठ ठेवून गुडघ्यात वाकायचं हे अख्ख्या वर्गाकडून करून घेतलं. खिशातून माथाडी मंडळाचं कार्डही काढलं. माथाडी कायदा १९६९ चा, त्याच्यामुळे हमालाची मंडळात नोंद होते आणि फंड जमा होतो, हे तिसरीच्या मुलांना त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं. शाळेच्या दारातून आत न येणारा माणूस अर्धा तास शिकवून गेला. पालकांना शाळेत आणायचं म्हणून आपण किती सूचना काढतो! त्यांचं काम विषय म्हणून ठेवलं की ते येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

चौथीने दुपारचा भात मोजला. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. वर्गात ३२ मुलं, म्हणजे ३ किलो २०० ग्रॅम. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. मग ताटात टाकून दिलेला भात तराजूवर ठेवून रोज लिहायचा, असं मुलांनीच ठरवलं. मटकी असते त्या दिवशी कमी उरतो, वरण पातळ झालं की जास्त उरतो, असं त्यांच्या तक्त्यात दिसलं. तो तक्ता त्यांनी आहार आणणाऱ्या बचत गटाच्या ताईंना नेऊन दाखवला. ताईंनी रागावून न घेता वाचला आणि वरण घट्ट यायला लागलं. तक्ता आम्ही होता तसा छापला. उरलेलं अन्न आता मैदानाच्या कोपऱ्यातल्या ड्रममध्ये पालापाचोळ्याबरोबर जातं.

२४ सप्टेंबरला दोन्ही मोठे वर्ग चालत गंज पेठेत फुले वाड्यात गेले. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली याच तारखेला झाली. आमच्या शाळेपासून वाडा चालत जाण्याइतका जवळ, तरी बरीच मुलं पहिल्यांदाच आत गेली. १८६८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे बाईंनी तिथेच उभं राहून सांगितलं. एका मुलाने विचारलं, "मग शेजारचे लोक त्यांच्याशी बोलायचे का?" हा प्रश्न आम्ही चौकटीत छापला, उत्तर न देता. घरी विचारा, असं खाली लिहिलं.

लेखन दुरुस्त किती करायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. एक सर म्हणाले, शाळेचं नाव जाईल. मला वाटत होतं, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करावं, पण "ठेवलीय", "घरला गेलो" हे तसंच राहावं, कारण ते ज्यांनी वाचायचं ते तसंच बोलतात. चौथीच्या बाई माझ्या बाजूने ठाम राहिल्या आणि तसंच झालं. फोटोंचाही प्रश्न होता. मुलांचे चेहरे छापायचे तर प्रत्येक घरची लेखी संमती हवी, आणि झेरॉक्ससारख्या छपाईत चेहरे नुसते काळे येतात. म्हणून फोटो नकोच, चित्रं घ्यायची ठरलं. पेन्सिलची चित्रं मात्र छापली जात नाहीत, पुसट ठिपके येतात. मुलांनी आपल्याच रेघांवरून काळं जेल पेन फिरवलं. पहिलीतल्या मुलाच्या चित्रावर मोठ्याने पेन फिरवायचं नाही, हे मी फार काटेकोरपणे पाळलं. मोठ्या माणसाची रेघ लगेच ओळखू येते.

मजकूर मी मोबाईलवर आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाईप केला, म्हणजे युनिकोडमध्ये, मोबाईलवर सगळीकडे चालतं त्या पद्धतीत. अप्पा बळवंत चौकाजवळचे डीटीपी करणारे, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देणारे काका अजून पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतात. पेजमेकरला युनिकोड चालत नाही, मजकूर श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागतो. या बदलाबदलीत काही जोडाक्षरं फुटतात, आणि सगळ्यात आधी फुटतो तो "ऱ्या". आमच्या पहिल्या पानावर वारकऱ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं! काकांनी न कंटाळता एकेक "ऱ्या" शोधून बसवला. तुम्ही करणार असाल तर आधीच विचारा, युनिकोड चालतं का. नव्या इनडिझाईनवर काम करणारा मिळाला तर हा त्रास वाचतो. आणि प्रुफं एकट्याने वाचू नका. एकाने मूळ वही मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवायचं. आम्ही असंच केलं, टेम्पोवाले दादा वाचायचे आणि मी बघायचे.

छपाईसाठी पैसे लागणार ही बातमी पेठेत पसरली तेव्हा निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारे एक भाऊ शाळेत आले. सगळा छपाईचा खर्च देतो, वर रंगीत करून देतो, पहिल्या पानावर शुभेच्छांसह फोटो टाका म्हणाले. रंगीत छपाई कुणाला नको असते? मुलांची चित्रं रंगात किती छान दिसली असती. पण पहिल्या पानावरून म्हशीची गोष्ट काढून तिथे फोटो लावायचा, हे समितीतल्या एकाही बाईला पटलं नाही. आजींनी स्पष्टच सांगितलं, "भाऊ, पेपर पोरांचा हाये." त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. शेवटी आमच्या दुकानाच्या शेठनी ए-थ्री कागदाचं एक रीम दिलं आणि जाहिरात मागितली नाही. शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीत त्यांचं नाव गेलं, तेवढंच. छपाईचे पैसे समितीतल्या पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून काढले.

रीममध्ये ५०० कागद असतात. आठ पानांच्या एका प्रतीला ए-थ्रीचे दोन कागद लागतात, दोन्ही बाजूंनी छापलेले. आम्ही २४० प्रती धरल्या आणि उरलेले कागद खराबीसाठी ठेवले, ते लागलेच. पानांची जोडी लावताना गडबड होते, म्हणून सांगते: पहिल्या कागदावर ८ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, पाठीवर ४ आणि ५. कोऱ्या कागदाची घडी घालून पेन्सिलने आकडे टाकून छापखान्यात न्या, तोंडी सांगू नका. घड्या घालायला शनिवारी शाळेतच आया आणि आज्या बसल्या. स्टीलच्या पट्टीने घडी दाबायची, लांब हाताचा स्टेपलर छापखान्यातून मागून आणला होता. काम करता करता प्रत्येकीने आपल्या पोराचं पान आधी शोधलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी वाचून दाखवलं, त्यामुळे घड्या संपायला दुपार झाली.

दुसऱ्या सत्रात एक बदल होणार आहे. आमच्याच इमारतीत दुपारी उर्दू माध्यमाची शाळा भरते. मैदान एक, ड्रम एक, आहारही सारखाच. त्यांच्या बाईंनी अंक बघून विचारलं, आमच्या मुलांचं का नाही? समितीने लगेच होकार दिला. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे आमचं आठवं पान हे त्यांचं पहिलं पान होईल. दोन्ही बाजूंनी अंक उघडेल, दोघांनाही पहिलं पान मिळेल आणि आभाराची ओळ आत कुठेतरी बसवू. अडचण टायपिंगची आहे. आमच्या काकांना उर्दू येत नाही. इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळणी करून देणारं कुणी कॅम्पात किंवा कोंढव्यात माहितीचं असेल तर सांगा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा मजकूर दोन्ही शाळांकडून येईल आणि लगेच जुळणीला द्यायचा आहे.