टोलेडोचा चढ आणि कडक भाकरी

सोलापुरात आमची चढण म्हणजे फार तर रेल्वेवरचा पूल. त्यामुळे स्पेनमधलं टोलेडो डोंगरावर आहे म्हटल्यावर ह्यांचे गुडघे माद्रिदलाच कुरकुरायला लागले. माद्रिदहून आगगाडीनं जेमतेम अर्धा तास. तीन बाजूंनी ताहो नदीचा वेढा, वर गाव. अल्कांतारा पूल ओलांडून चढत गेलो. वर पोचल्यावर कळलं, दुसऱ्या अंगाला चक्क सरकते जिने आहेत, तेही फुकट! हे नुसते माझ्याकडं बघत राहिले. वाट मी ठरवली होती ना.

१५६१ साली स्पेनच्या राजानं, दुसऱ्या फिलिपनं, इथला दरबार माद्रिदला हलवला, म्हणूनच हे बोळ असे अरुंद राहिले असावेत. कॅथेड्रल १२२६ मध्ये बांधायला घेतलेलं. भव्य आहे, पण माझा जीव अडकला सांता मारिया ला ब्लांकात. बांधलं ज्यूंनी आपलं प्रार्थनास्थळ म्हणून, पुढं झालं चर्च, आणि आत मशिदीत शोभाव्यात अशा नालेच्या आकाराच्या पांढऱ्याशुभ्र कमानी. खांबांच्या माथ्यावर चक्क पाइनची फळं घडवलेली. मान दुखेस्तोवर बघितली.

मग इथलं प्रसिद्ध मार्झिपान. बदाम आणि साखर. "लई गोड," म्हणत ह्यांनी पिशवीतनं कडक भाकरी न् शेंगाचटणी काढली. नदीकडं तोंड करून कठड्यावर बसलो. भाकरी मोडल्याचा कडाका ऐकून शेजारच्या आजीबाई वळल्या. त्यांनाही दिली, चटणीसकट. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या, पण हात परत पुढं केलाच.

उतरताना मात्र जिन्यानंच उतरलो.