तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या व्यंगचित्रांतला हवालदार कायम पेंगतच का असतो?

परवा एका लग्नात, पंगतीत, जिलबी वाढली जात असताना एका निवृत्त फौजदारांनीही हेच विचारलं. दर दिवाळी अंकानंतर कुणीतरी विचारतंच. एकदाचं सांगून टाकतो.

सुरुवातीला ते सोपं होतं. पोट, मिशी, टेबलावर पाय, मागे भिंतीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. लोक हसायचे. आता ती चित्रं बघितली की वाटतं, हवालदारापेक्षा मीच जास्त पेंगत होतो.

मग 2014 मध्ये आईचं मंगळसूत्र गेलं. नदीच्या पुलावर, संध्याकाळी सातला. मोटारसायकलवर दोघं होते. मानेवर लाल वळ घेऊन ती ठाण्यातल्या बाकावर बसली. पहिला प्रश्न आला, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" हद्द पुलाच्या मध्यावर बदलते. आई म्हणाली, "मधेच कुठंतरी." झालं! पलीकडच्या ठाण्यात पाठवलं. तिथं कागदावर पूल काढून तिला खांब मोजायला लावले. चौथा खांब यांचा, पाचवा त्यांचा. पुन्हा अलीकडे. आदल्याच वर्षी ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर घेणं बंधनकारक ठरवलं होतं. हद्द दुसरी असली तरी तो झिरो नंबरनं घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. हे मी ऐकवलं. उत्तर मिळालं, "साहेब राउंडला गेलेत." साडेअकराला सल्ला आला, "गहाळ झालं असं लिहून द्या, दाखला लगेच देतो."

त्या रात्री दोन्ही ठाण्यांत कुणीही झोपलेलं नव्हतं. काम टाळायला केवढी मेहनत लागते, ते मी जवळून पाहिलं.

घरी येऊन पुलावर टेप धरून बसलेले दोन हवालदार काढले. आईनं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "आणि तो चहा?" पलीकडच्या ठाण्यातल्या एका शिपायानं स्वतःच्या पैशानं तिला चहा आणून दिला होता, वळावर धरायला बर्फही. सकाळपासून ड्युटीवर होता बिचारा. (2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा मला आधी तोच आठवला.) पॉकेट कार्टूनमध्ये जागा नसते, असं मी आईला सांगितलं. जागा होती. विनोद पडला असता.

टेपवालं चित्र छापून आलं तेव्हा दोघांनी विचारलं, "पीडब्ल्यूडीवर आहे का हो?"

पुढच्या आठवड्यात पाय पुन्हा टेबलावर गेले. चहावाल्या शिपायाला नंतर दोनदा काढून पाहिलं. दोन्ही वेळा तो सरकारी जाहिरातीतल्या पोलिसासारखा दिसला.